म्हणाल ती पूर्व दिशा

२४ जानेवारी १९६६ची सकाळ. मुंबईहून निघून दिल्ली आणि बैरूत मागे टाकलेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाकडे चाललं होतं. विमानात ११७ माणसं होती, त्यांतच डॉ. होमी भाभा. विमान १९,००० फुटांच्या पातळीवर होतं. खाली आल्प्स, समोर ४,८०७ मीटर उंचीचं माँ ब्लाँ. जिनिव्हाच्या नियंत्रकाने उतरण्याबद्दल सूचना दिली : ढगांच्या माथ्यापासून १,००० फूट वर राहता येत असेल तरच खाली या, नाहीतर आहे तीच पातळी धरा. वैमानिकाने ते मान्य केलं आणि जाता जाता कळवलं, की आपण माँ ब्लाँच्या बरोबरीला आलो आहोत.

नियंत्रकाला रडारवर वेगळंच दिसत होतं. विमान अजून पर्वताच्या अलीकडे होतं. त्याने सांगितलं, "माँ ब्लाँपर्यंत तुम्हाला पाच मैल आहेत." विमानातून उत्तर आलं, "रॉजर." विमान उतरत राहिलं आणि शिखराच्या थोडंसंच खाली, सुमारे ४,७५० मीटरवर, पर्वतावर आदळलं. कुणीही वाचलं नाही.

फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष बारकाईने वाचण्यासारखा आहे. व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं रेडिओकेंद्र, ज्याच्या लहरींवरून आपण त्याच्या कोणत्या दिशेला आहोत ते विमानाला कळतं. विमानातल्या दोन व्हीओआर ग्राहकयंत्रांपैकी एक बिघडलेलं होतं, त्यामुळे दोन केंद्रांच्या रेषा जिथे छेदतात ते ठिकाण काढणं वैमानिकाला अवघड होतं. त्याने अंदाजाने आपली जागा ठरवली. तो अंदाज चुकला. नियंत्रकाने चूक ओळखली, विमानाची खरी जागाही बरोबर काढली आणि वैमानिकाला सुधारता येईल असं वाटून एक वाक्य सांगितलं. शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने त्यातून उलटाच अर्थ घेतला, की डोंगराची कड मागे पडली आहे. म्हणजे विमान कुठे आहे याची खरी माहिती त्या सकाळी अस्तित्वात होती. ती जमिनीवर होती, हवेत पोचली नाही.

त्या वाक्याचा दोष काय? त्यात 'तुमचं चुकतंय' हे कुठेच नाही. अंतर आहे, पण ते 'अजून जायचं' की 'मागे पडलं' हे ऐकणाऱ्याच्या मनातल्या चित्रावर सोडलं आहे. ज्याच्या मनात पर्वत मागे पडलेला आहे, त्याला पाच मैल मागचेच वाटणार. नीट सांगायचं तर आधी 'निगेटिव्ह' हा शब्द हवा. मग 'रडारवर तुम्ही माँ ब्लाँच्या अलीकडे पाच मैल, अजून पार झालेला नाहीत'. मग आज्ञा : 'मी सांगेपर्यंत १९० पातळी (म्हणजे १९,००० फूट) सोडू नका'. आणि शेवटी हे सगळं वैमानिकाच्या तोंडून परत ऐकायचं. 'रॉजर' या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. पटलं, समजलं, तसंच करतो, यांतलं काहीही त्यात नाही. रेडिओवरच्या सगळ्या शब्दांत हा मला सर्वांत घातकी वाटतो, कारण त्याने म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही बरं वाटतं.

घरात एखादा कर्ता पुरुष 'मी म्हणेन ती पूर्व दिशा' म्हणून चालवून नेतो. हवाई मार्गांवर तसं कुणालाच म्हणता येत नाही, कारण पूर्व दिशाच मुळात एक नाही. एक भूगोलाची उत्तर, एक होकायंत्राची. या दोहोंतला फरक जागेगणिक बदलतो. मुंबईत तो जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे आपल्याकडे हा विषय फारसा कुणाला टोचत नाही. अमेरिकेतल्या सिअॅटलला तो सुमारे १५ अंश पूर्वेला आहे. शिवाय चुंबकीय उत्तर सरकत राहते. धावपट्ट्यांचे आकडे होकायंत्राच्या दिशेवरून ठेवतात, म्हणून काही विमानतळांना कालांतराने ते पुसून नवे रंगवावे लागतात. लंडनच्या स्टॅनस्टेडची ०५/२३ ही धावपट्टी २००९मध्ये ०४/२२ झाली. व्हीओआर केंद्र मात्र बसवताना किंवा शेवटचं जुळवताना ठरवलेल्या उत्तरेवरच चालत राहतं आणि विमानातला संगणक आपल्या माहितीसंचातली चुंबकीय तफावत वापरतो. दोघांचे संदर्भ वेगवेगळ्या वर्षांचे असले, तर एकाच रेषेवर चालणाऱ्या विमानाला दोन वेगळे आकडे मिळतात. कुणीच चुकलेलं नसतं.

वारा याहून मोठा फरक पाडतो. वैमानिकाच्या हातात असतं हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक कुठे आहे ते. नियंत्रकाला दिसतो ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून पाहता विमान प्रत्यक्ष कुठे सरकतंय ते. समजा विमानाचा हवेतला वेग २४० नॉट, म्हणजे तासाला २४० सागरी मैल, आहे, नाक सरळ उत्तरेकडे आहे आणि पश्चिमेकडून ६० नॉटचा वारा वाहतोय. विमान सुमारे १४ अंश पूर्वेकडे घसरत जाईल. दर मिनिटाला एक सागरी मैल. पाच मिनिटांत ते अपेक्षित रेषेपासून पाच मैल दूर, आणि मार्गावरच्या दोन विमानांत रडारने ठेवायचं अंतर बहुतेक ठिकाणी पाचच मैल असतं.

म्हणून नियम असा, की नियंत्रकाने 'हेडिंग ३६०' सांगितलं तर वैमानिकाने नाक ३६०वर ठेवायचं आणि वाऱ्याची भरपाई स्वतः करायची नाही. वाऱ्याचा हिशेब नियंत्रक करतो. आधीच्या तीन-चार विमानांना तो किती ढकलतोय हे त्याला पडद्यावर दिसत असतं. एखादा वैमानिक शहाणपणा करून नाक वाऱ्याकडे वळवतो, किंवा त्याच्या स्वयंचालकाचा खटका हेडिंगऐवजी ट्रॅकवर राहिलेला असतो. मग भरपाई दोनदा होते. पडद्यावर विमान विरुद्ध बाजूला जाताना दिसतं आणि नियंत्रक विचारतो, "रिपोर्ट हेडिंग." हा प्रश्न आरोप नसतो, पण तो तसा ऐकला जातो, आणि तिथे बऱ्याचदा बोलणं बिघडतं.

अंतराचंही तेच. डीएमई यंत्र जमिनीवरचं अंतर मोजत नाही, विमानापासून केंद्रापर्यंतची तिरपी रेषा मोजतं. ३६,००० फुटांवर विमान केंद्राच्या अगदी डोक्यावर असलं, तरी यंत्र जवळजवळ सहा मैल दाखवतं. रडारही तिरपंच मोजतं. त्याचा संगणक उंची कळल्यावर ते सुधारतो. विमानतळाजवळच्या रडारचा एक फेरा चार-पाच सेकंदांचा, लांब पल्ल्याच्या रडारचा दहा-बारा सेकंदांचा. ४८० नॉटने जाणारं विमान बारा सेकंदांत दीड मैलाहून जास्त पुढे गेलेलं असतं. व्हीओआरच्या दिशेत चार-पाच अंशांची चूक नियमात बसते, आणि ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल हा ठोकताळा लावला तर तिथे चार-पाच मैलांचा घोळ सहज होतो. हे सगळं जमेस धरलं की रोजच्या कामात वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात मैल-दोन मैलांचा फरक असणारच. जुन्या माणसांना तो नसला तरच चुकचुकल्यासारखं होतं.

ही चुकचुक मला महत्त्वाची वाटते. दोन साक्षीदारांची जबानी शब्दाशब्दाने जुळली, की वकील म्हणतो, हे घरून ठरवून आले आहेत.

उंचीच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. विमानाचा अल्टिमीटर खरं तर हवेचा दाब मोजतो आणि फुटांत दाखवतो. दाब रोज बदलतो, म्हणून जमिनीजवळ येताना नियंत्रक त्या तासाचा समुद्रसपाटीचा दाब सांगतो. त्याला क्यूएनएच म्हणतात. वैमानिक खुंटी फिरवून तो आकडा लावतो. एका हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट. मुंबईत हिवाळ्यात हा आकडा १०१३च्या आसपास असतो आणि भर पावसाळ्यात १०००च्या थोडाच वर. जानेवारीतला आकडा जुलैत लावून कुणी उतरू लागला, तर अल्टिमीटर खऱ्यापेक्षा जवळजवळ ३०० फूट जास्त दाखवेल, म्हणजे विमान तेवढं खाली असेल. खालच्या टप्प्यात ३०० फूट म्हणजे सगळंच.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर २३ मे २०२२ला नेमकं हेच झालं. पाऊस जोरात होता. धावपट्टी २७आरची आयएलएस, म्हणजे रेडिओलहरींनी विमानाला उतरण्याची रेषा दाखवणारी यंत्रणा, बंद होती, म्हणून विमानं उपग्रहाच्या मार्गाने उतरत होती. खरा दाब १००१. नियंत्रकाने इंग्रजीत बोलताना एका एअरबस ए-३२० विमानाला १०११ सांगितला. वैमानिकाने तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, म्हणजे रीडबॅक निर्दोष. त्याच सुमाराला फ्रेंचमधून बोलणाऱ्या विमानाला बरोबर आकडा मिळाला होता. दुसऱ्या एका विमानाने १०११ ऐकूनही १००१ असाच परत म्हटला आणि तो फरक नियंत्रकाच्या कानाला लागला नाही. आनंदीबाईंच्या नावावर 'ध'चा 'मा' खपवला जातो, पण त्याला निदान हेतू होता असं सांगतात. इथे शून्याचा एक झाला तो नुसता जिभेवर.

दहा हेक्टोपास्कल, २८० फूट. ढगात असलेल्या त्या विमानाला ठरलेल्या किमान उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, म्हणून वैमानिकांनी नियमाप्रमाणे विमान वर घेतलं. त्या क्षणी ते धावपट्टीच्या सुरुवातीपासून जवळजवळ एक मैल अलीकडे होतं, आणि रेडिओ अल्टिमीटरवर, म्हणजे दाबाऐवजी रेडिओलहरीने खालच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजणाऱ्या यंत्रावर, नोंदलेली सर्वांत कमी उंची होती सहा फूट. माणसाच्या उंचीएवढी. विमानातल्या जमीन-इशारा यंत्राने अवाक्षर काढलं नाही.

कॉकपिटमधल्या कुणालाच हे कसं उमगलं नाही? आयएलएसवर उतरताना खाली येण्याची रेषा ही जमिनीवरून सोडलेली रेडिओलहर असते. ती हवेच्या दाबाला ओळखत नाही. नकाशावर लिहिलेलं असतं, की अमुक मैलांवर या लहरीवर असाल तर अल्टिमीटरने अमुक फूट दाखवायला हवेत. दाब चुकीचा लावला असेल तर तिथे २८० फुटांची तफावत समोर येते. पण त्या दिवशीच्या उपग्रहमार्गावर दिशा उपग्रहावरून आणि उंची दाबावरून धरायची होती. अशा उतरणीत, म्हणजे बॅरो-व्हीएनएव्हमध्ये, खाली येण्याची रेषा अल्टिमीटरच काढतो. अंतर आणि उंची यांचा मेळ घालून पाहिला तरी तो बरोबरच येतो, कारण चूक स्वतःलाच पडताळत असते. वैमानिकांनी तपासण्या नीट केल्या होत्या. त्या तपासण्यांत दुसरा साक्षीदारच नव्हता.

दुसरा साक्षीदार होता मनोऱ्यात. रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, जमिनीकडे जी उंची पाठवतो, तिच्यावर वैमानिकाच्या खुंटीचा परिणाम होत नाही. ती नेहमी १०१३.२५ या ठरावीक दाबावरची असते, आणि जमिनीवरचा संगणक तिला तिथल्या खऱ्या दाबाने सुधारतो. नियंत्रकाच्या तोंडून १०११ निघालं तरी संगणकात १००१च होतं. म्हणून विमानात शांतता असताना मनोऱ्याच्या पडद्यावर 'फार खाली' असा इशारा वाजला. अशा वेळी नियंत्रकाने म्हणायचं वाक्य आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेलं आहे : कमी उंचीचा इशारा, उंची ताबडतोब तपासा, क्यूएनएच अमुक. त्या वाक्याच्या शेवटी दाबाचा आकडा उगाच ठेवलेला नाही. त्या दिवशी विचारलं गेलं ते असं, की तुम्ही ठीक आहात ना, धावपट्टी दिसतेय का? आकडा उच्चारला गेला नाही. वैमानिकांनी पुन्हा फेरी घेतली, पुन्हा १०११वरच. या खेपेला धावपट्टीचे दिवे दिसले, उतरणाऱ्या विमानाला आपण वर आहोत की खाली ते दाखवणाऱ्या बाजूच्या 'पीएपीआय' दिव्यांनी आपण खाली असल्याचं सांगितलं आणि त्यांनी हाताने सुधारून विमान टेकवलं.

आता काही देशांत विमानात लावलेला दाबाचा आकडाही रडारमार्फत थेट नियंत्रकाच्या पडद्यावर येतो. वैमानिकाने स्वयंचालकात निवडलेली उंचीही येते. ८,००० सांगितलं आणि ९,००० लावलं, तर विमान चुकण्याआधीच खुंटी चुकलेली दिसते. माझ्या मते गेल्या काही दशकांतली ही सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत उपयोगी सोय आहे.

ही सोय सोडा, दुसरा साक्षीदारच नसला तर काय होतं ते १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणात चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी ७४७ला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, उतरणाऱ्या कझाक आयएल-७६ला १५,०००वर. मध्ये १,००० फूट. कझाक विमान १५,०००च्या खाली घसरलं आणि ३४९ माणसं गेली. त्या वेळी दिल्लीच्या नियंत्रकापाशी फक्त प्राथमिक रडार होतं. त्यावर ठिपका दिसतो, ठिपक्याची उंची दिसत नाही. उंची कळायची ती वैमानिक तोंडाने सांगेल तेवढीच. कझाक विमानात रेडिओवर बोलणाऱ्या माणसाच्या समोर स्वतःचा अल्टिमीटर नव्हता, हेही चौकशीत आलं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी वेगळे मार्ग, उंची दाखवणारं दुय्यम रडार आणि टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची, हे सगळं आपल्याकडे नंतर रुळलं. आज नियंत्रकाशी पहिल्यांदा बोलताना वैमानिक आपण कितव्या फुटांवरून जातोय ते सांगतो, ते शिष्टाचार म्हणून नव्हे. नियंत्रक तो आकडा पडद्याशी जुळवतो. फरक ३०० फुटांच्या आत हवा, वरच्या ज्या पट्ट्यात विमानांमधलं उंचीचं अंतर कमी ठेवतात तिथे २०० फुटांच्या आत. जास्त निघाला तर आधी दाब विचारायचा आणि तरीही जुळलं नाही तर त्या विमानाच्या उंचीवर विसंबून कुणालाही जवळ आणायचं नाही.

महाराष्ट्रातली उदाहरणं याहून जुनी आहेत. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री मुंबईला येणारं अलितालियाचं डीसी-८ जुन्नरच्या डोंगरात कोसळलं आणि ९४ जण गेले. चौकशीने पहिलं कारण दिलं ते दिशाशोधनातल्या चुकीचं : वैमानिकाला मुंबई होती त्यापेक्षा जवळ वाटली आणि त्याने लवकर उतरायला घेतलं. पुढे १९७२मध्ये जपान एअर लाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि टोकापलीकडे गेलं. समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं, आणि डोळ्यांना धावपट्टी दिसली की माणूस सुया पाहायचं सोडतो.

याउलट जमिनीने वेळीच सावरल्याचं एक उदाहरण सिडनीचं आहे, १० मार्च २०१५चं. क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या ए-३३०मध्ये गेटवर उभं असताना विमानाची जागा हाताने भरली गेली. पूर्व रेखांश १५१ अंश ०९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ मिनिटं. एक आकडा गळला आणि विमान स्वतःच्या समजुतीप्रमाणे ११,००० किलोमीटरहून जास्त दूर जाऊन बसलं. उड्डाणानंतर ते डावीकडे, समांतर धावपट्टीच्या मार्गाकडे वळू लागलं. नियंत्रकाच्या ते लगेच लक्षात आलं, कारण रडारला त्या रेखांशाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने दिशा आणि उंची देऊन विमान मोकळ्या आकाशात नेलं आणि शेवटी ते मेलबर्नला उतरलं.

आता खरी अडचण इथून पुढची. एडीएस-बी नावाची यंत्रणा रडारपेक्षा स्वस्त आणि जलद आहे. ती विमान शोधत नाही. विमान स्वतःच आपली जागा उपग्रहावरून काढतं आणि ती प्रसारित करतं. नियंत्रकाच्या पडद्यावर ठिपका सुंदर, स्थिर, सेकंदासेकंदाला पुढे सरकणारा. पण तो वैमानिकाच्या पडद्याचीच नक्कल आहे. सिडनीत जमिनीवरचा ठिपका कामाचा ठरला, कारण तो रडारचा होता. उपग्रहाचा संकेत कुणी खोटा पाठवला, ज्याला स्पूफिंग म्हणतात, तर विमान चुकीची जागा मानेल, तीच सांगेल, आणि जमीन मान डोलावेल. फरक शून्य. घरून ठरवून आलेले साक्षीदार.

ही कल्पनेतली भीती नाही. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, असे ४६५ प्रकार नोंदले गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. नोव्हेंबर २०२५मध्ये दिल्लीत धावपट्टी १०वर उपग्रहाच्या मार्गाने उतरणाऱ्या काही विमानांनी हेच कळवलं. मुंबईहून आखातात जाणाऱ्या मार्गांवर तर वैमानिकांना याची सवय होत चालली आहे, आणि ही सवयच मला नको वाटते.

कॉकपिटमध्ये लक्षणं ठरलेली असतात. घड्याळ अचानक मिनिटं-तास पुढे-मागे उडी मारतं. नकाशावर विमान सरकतं, पण होकायंत्र आणि वेग तसेच राहतात. वाऱ्याचा आकडा अशक्य होतो. समुद्रावर ३५,००० फुटांवर असताना जमीन-इशारा यंत्र 'पुल अप' ओरडतं. उपग्रहाची जागा आणि जडत्वयंत्रणेची जागा यांतला फरक वाढत जातो. जडत्वयंत्रणा बाहेरचं काही ऐकत नाही, स्वतःची हालचाल मोजते. ती तासाला एखाद-दोन मैलांनी भरकटते, पण प्रामाणिकपणे भरकटते. म्हणून धोक्याच्या पट्ट्यात शिरण्याआधीच संगणकाला उपग्रहाची माहिती तोडून ठेवायची. नंतर तोडली तर खोटी जागा जडत्वाच्या हिशेबातही मिसळलेली असू शकते. मग व्हीओआर-डीएमई हाताने लावून सुई आणि अंतर पाहायचं. घड्याळ मनगटावरचं धरायचं.

नियंत्रकाला नुसतं 'जीपीएस गेलं' सांगून भागत नाही. जीपीएस बंद पडणं आणि जीपीएस खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी असेल तर त्याच्यासमोरचा ठिपकाही खोटा आहे हे त्याला स्पष्ट ऐकू यायला हवं. दिल्लीच्या प्रकारानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असा प्रकार दहा मिनिटांच्या आत कळवण्याचा आदेश काढला. कळवताना वेळ, जागा आणि विमानाचा प्रकार तर हवाच, पण त्या क्षणी नियंत्रकाला सर्वांत उपयोगी पडतो तो जुन्या धाटणीचा आकडा : अमुक व्हीओआर, रेडियल (म्हणजे केंद्रापासूनची दिशा) इतका, अंतर इतकं. तो ऐकला की नियंत्रक एडीएस-बीचा ठिपका बाजूला ठेवून रडारच्या ठिपक्याशी ताडून पाहतो. मैल-दीड मैलाचा फरक निघाला, की दोघांचाही जीव भांड्यात पडतो.